जुन्या गाडीचं हँडल लोंबतंय? या चुका टाळा

दाराचं हँडल खाली लोंबायला लागलं की सगळे आधी हँडललाच हात घालतात. दोष मात्र बहुतेक वेळा दाराच्या कुलपातल्या स्प्रिंगचा असतो. म्हणून पाना शोधण्याआधी हँडल एका बोटाने उचला आणि सोडा. धपकन खाली आलं, तर स्प्रिंग तुटलीय किंवा जागेवरून सुटलीय. चिकटल्यासारखं रेंगाळत खाली आलं, तर ग्रीस वाळलंय. आतला दांडा फिरायच्या आधीच हँडल डुगडुगत असेल, तर दांडा किंवा त्याचं चौकोनी भोक झिजलंय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, तेवढाही धीर नसेल तर जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

हँडल जोर लावून वर वाकवणं, ही मला सगळ्यात जास्त सलणारी चूक. जुनी हँडलं बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, वरून क्रोमचा मुलामा. हा धातू वाकत नाही, तुटतो. एक तरुण मित्र असंच हँडल कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. लोखंडी नळी अडकवून वर उचललं होतं. मानेपाशी दोन तुकडे झालेले, तुटलेल्या जागी साखरेसारखे राखाडी कण. मी नको म्हणत असताना त्याने ते ब्रेझिंगला, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोड द्यायला, नेलं. हा धातू ३८०-३९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागतो आणि ब्रेझिंगला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. परत आला तो ओघळलेला गोळा घेऊन. नंतर आम्ही कुलूप उघडलं, तर स्प्रिंगचं फक्त एक टोक तुटलेलं. हँडलमध्ये मुळात काहीच बिघाड नव्हता. तसं हँडल शोधण्यात त्याचे कित्येक महिने गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी चूक माझ्या हातून झालीय. कुलूप बसवलं आणि दार लगेच लावून पाहिलं. हँडलं कुलपाला जोडणारा आतला दुवा अडकवायचा राहिला होता, त्यामुळे दार ना बाहेरून उघडेना ना आतून. बंद दाराचं पॅनल न फोडता काढण्यात अख्खी दुपार गेली. तेव्हापासून दार उघडं ठेवून लॅच (दार अडकवणारी कुलपाची खिटी) स्क्रूड्रायव्हरने बंद करतो, मग दोन्ही हँडलांनी दहा-दहा वेळा उघडून बघतो.

स्प्रिंग सोडवताना हात आणि कुलूप दोन्ही पारदर्शक पिशवीत ठेवा, उडालेली स्प्रिंग सापडत नाही. हँडलभोवतीच्या रंगावर आधी मास्किंग टेप लावा. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. त्याने जुनी घाण धुवा, पुसा, मग पांढरं लिथियम ग्रीस भरा.

दांड्याच्या झिजलेल्या चौकोनी भोकात एपॉक्सी गोंद कोंबू नका. मी दांड्याभोवती पितळेच्या पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळतो, घट्ट बसते आणि पुढे कधी काढायची झाली तर निघते. आणि नवी स्प्रिंग घेताना जुनी शेजारी ठेवून वेढ्यांची दिशा बघा. अनेक गाड्यांत डाव्या-उजव्या दाराच्या स्प्रिंगा एकमेकींच्या उलट वळलेल्या असतात आणि चुकीची बसवली तर हँडल वर यायच्या ऐवजी आणखी खाली ओढलं जातं.