काजूच्या भाटासाठी फ्लेल मोअर: लहान ट्रॅक्टरला जोडण्यापूर्वीची तयारी

पावसाळा ओसरतो तेव्हा गोव्यातील काजूच्या भाटांत (बागायतींत) आणि माडांच्या बागांत गवत कमरेपर्यंत आलेले असते, रानमोडी माजलेली असते आणि काजू पडू लागण्याआधी झाडांखालची जमीन मोकळी करण्याचे काम समोर उभे असते. वीस-पंचवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडलेला फ्लेल मोअर (फिरत्या आडव्या रोटरवर लटकलेल्या पात्यांनी गवत-झुडपे बारीक करणारे यंत्र) हे काम उत्तम करतात, मात्र यंत्र जमीन पाहून निवडलेले आणि नीट जोडलेले असले पाहिजे. आपल्या जांभ्या दगडाच्या, चढ-उताराच्या जमिनीत रुंद यंत्राच्या मोहात न पडता अरुंद आणि भक्कम यंत्र घ्यावे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील तयारी त्याच दृष्टीने मांडली आहे.

दुकानात जाण्यापूर्वी टेप आणि वही घेऊन आपली जमीन पायी फिरून पाहावी. झाडांच्या दोन ओळींमधील अंतर, सर्वांत खाली आलेल्या फांदीची उंची, गडग्यातील (दगडी कुंपणातील) वाटेची रुंदी आणि कापायच्या झुडपांच्या बुंध्यांची जाडी लिहून घ्यावी. कलमी काजूची अलीकडची लागवड बहुधा सात ते आठ मीटर अंतरावर असते आणि माडांसाठी साडेसात मीटर अंतराची शिफारस आहे, त्यामुळे तेथे लहान ट्रॅक्टर सहज वळतो. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतील डोंगरावरच्या जुन्या, बियांपासून वाढलेल्या काजूत मात्र सरळ ओळ क्वचितच सापडते आणि फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात. अशा ठिकाणी आधी खालच्या फांद्यांची छाटणी आणि मगच यंत्राचा विचार, हा क्रम ठेवावा. सुपारीच्या कुळागरात झाडांमधील अंतर साधारण २.७ मीटर असते आणि मधून पाण्याचे पाट जातात, म्हणून तेथे हे यंत्र नेऊच नये. ब्रश कटर किंवा कोयताच बरा. खाजन शेतात (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतात) भातकापणीनंतर धसकटे बारीक करायला ते उपयोगी पडते, पण जमीन ट्रॅक्टरचे वजन पेलण्याइतकी सुकलेली हवी.

त्यानंतर ट्रॅक्टरची खरी ताकद काढावी. बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. पीटीओवर, म्हणजे मागच्या यंत्राला फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्यावर, तिच्यातली साधारण ८५ ते ९० टक्के मिळते, म्हणजे २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरकडून यंत्राला वीस-एकवीस अश्वशक्ती मिळेल असे धरावे. नुसत्या गवतासाठी कापणीच्या रुंदीच्या दर फुटामागे पाच आणि झुडपांसाठी सहा अश्वशक्ती असा हिशेब ठेवला, तर हा ट्रॅक्टर गवतात चार फूट आणि रानमोडी-घाणेरीच्या जागेत सव्वातीन ते साडेतीन फूट रुंदी पेलू शकतो. विक्रेता पाच फुटी यंत्र दाखवील आणि सपाट जागेवरच्या मऊ गवतात ते चालवूनही दाखवील. पण दाट, ओल्या गवतात शिरताच इंजिन दबते, रोटरचा वेग उतरतो आणि गवत तुटण्याऐवजी रोटरभोवती गुंडाळले जाते. बाजारात मल्चर या नावाने मिळणारी बरीच यंत्रे ४५ अश्वशक्तीच्या वा त्याहून मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेली असतात, त्यामुळे किमतीतील सवलतीला भुलून ती लहान ट्रॅक्टरमागे लावू नयेत.

रुंदी ठरवताना मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर मोजावे. यंत्र त्याहून अरुंद ठरत असेल, तर चौकटीवर उजवीकडे सरकवता येणारे यंत्र घ्यावे, म्हणजे उजव्या चाकाने दाबलेले गवत कापले जाते आणि डावे चाक आधीच कापलेल्या पट्ट्यावरून चालते. या सोयीचा काजूत आणखी एक फायदा असा की ट्रॅक्टर फांद्यांच्या बाहेर राहतो आणि यंत्राचे टोक झाडाच्या घेराखाली पोचते. माझ्या दृष्टीने ही सोय रुंदीच्या एका जादा फुटापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

पात्यांची निवड सावकाश करावी, कारण पुढच्या अनेक हंगामांचा खर्च तिच्यावर ठरतो. वाय आकाराच्या जोडपात्यांना ताकद कमी लागते आणि ती गवत व करंगळीएवढ्या काड्या स्वच्छ कापतात, पण जांभ्या दगडावर त्यांची धार लवकर बोथटते. हातोडीसारखी जाड पाती अंगठ्याएवढे बुंधे, काजूची छाटलेली फांदी आणि माडाची वाळलेली चुडते फोडून बारीक करतात, दगडाचा मारही अधिक सोसतात, मात्र त्यांना ताकद जास्त लागते आणि त्यांनी कापलेले गवत थोडे फाटल्यासारखे दिसते. बागेखालच्या गवतात त्या फाटण्याने काही बिघडत नाही, म्हणून दगडाळ भाटासाठी मी हातोडी-पाती आणि अरुंद रोटर हीच जोडी सुचवीन. दुकानात, यंत्र कशालाही जोडलेले नसताना, एकेक पाते हाताने हलवून पाहावे. ते पिनेवर मोकळेपणाने फिरून पूर्ण मागे वळले पाहिजे, कारण दगडावर आदळताच मागे झुकणे यातच त्याचा आणि रोटरचा बचाव आहे. अडकणारे किंवा बाजूला फार डुलणारे पाते दिसले, तर दुसरे यंत्र मागावे. पाते तुटले की समोरासमोरची दोन्ही पाती, सारख्या वजनाची, एकदम बदलावी लागतात. एकच नवे बसवले तर रोटरचा तोल जातो आणि त्या थरथरीने बेअरिंग खराब होतात. म्हणून सुट्या पात्यांचा, पिना-बोल्टचा आणि बेल्टचा एक संच यंत्रासोबतच घ्यावा आणि पुढे हे सुटे भाग जवळच्या शहरात मिळतील की बाहेरून मागवावे लागतील, तेही विचारून ठेवावे.

गिअरबॉक्समध्ये फ्रीव्हील (रोटरची गती उलटी ट्रॅक्टरकडे येऊ न देणारी सोय) आहे की नाही, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. रोटर जड असतो आणि मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो. ज्या ट्रॅक्टरचा क्लच एकेरी (चाके आणि पीटीओ दोन्हींसाठी एकच) आहे, त्यात क्लच दाबल्यावरही रोटरची गती पीटीओमार्गे उलटी येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलते. बांधाच्या किंवा गडग्याच्या कडेला ही गोष्ट जिवावर बेतू शकते. यंत्रात फ्रीव्हील नसेल, तर पीटीओवर बसणारा वेगळा ओव्हररनिंग क्लच घ्यावा, आणि त्याने ट्रॅक्टर व यंत्र जोडणाऱ्या शाफ्टची लांबी बदलते हे पुढच्या मोजमापात धरावे.

वजनाकडेही तितकेच लक्ष द्यावे. या आकाराचे यंत्र दोनशे ते तीनशे किलोंचे असते आणि ते बरेच मागे लटकते, त्यामुळे लिफ्टची लिहिलेली क्षमता पुरेशी दिसली तरी यंत्र उचलल्यावर पुढची चाके हलकी होतात. सपाट जागी यंत्र पूर्ण उचलून स्टिअरिंग फिरवून पाहावे. चाके जमिनीवर घसरत असतील, तर पुढे वजने लावूनच चढाला जावे.

कृषी खात्याचे अनुदान घ्यायचे असल्यास कृषी कार्ड घेऊन आपल्या विभागीय कृषी कार्यालयात खरेदीपूर्वी जावे, यंत्राचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडून आधी मागून घ्यावा आणि मंजुरी हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम भरू नये.

यंत्र घरी आल्यावर जोडणीसाठी सपाट, टणक जागा निवडावी. लहान ट्रॅक्टरला बहुधा श्रेणी एकची तीन-बिंदू जोडणी (खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक) असते, तिच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटरची असते; काही अगदी छोट्या ट्रॅक्टरांत खालच्या दोन हातांमधील अंतर कमी असते, ते मोजून पाहावे. यंत्र जोडल्यावर खालच्या हातांच्या बाजूच्या साखळ्या (चेक चेन) आवळून त्याचे डावे-उजवे डुलणे थांबवावे.

पीटीओ शाफ्टची लांबी हा जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. नवा शाफ्ट बहुधा लहान ट्रॅक्टरला लांब पडतो. तो तसाच बसवला, तर यंत्र वर-खाली होताना दोन्ही नळ्या एकमेकींत टेकतात आणि सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर किंवा गिअरबॉक्सवर येतो. इंजिन बंद करून शाफ्टचे दोन भाग वेगळे करावेत, एक ट्रॅक्टरला आणि दुसरा यंत्राला बसवावा, मग पीटीओ बंदच ठेवून इंजिन सुरू करावे, लिफ्ट हळूहळू वर-खाली करून दोन्ही टोके सर्वांत जवळ कोणत्या उंचीवर येतात ते शोधावे आणि त्या उंचीवर यंत्राखाली लाकडी ठोकळे द्यावेत. इंजिन पुन्हा बंद करून, दोन्ही भाग शेजारी-शेजारी धरून खडूने खूण करावी, अशी की आत जाणारी नळी टोकाला टेकण्यापूर्वी तीन-चार सेंटिमीटर जागा उरेल. आतली नळी, बाहेरची नळी आणि त्यांवरची प्लास्टिकची आवरणे सारख्याच मापाने कापावीत, कापलेल्या कडांचे कंगोरे कानशीने घासून काढावेत, लोखंडाचा कीस पुसावा आणि ग्रीस लावून नळ्या जोडाव्यात. शेवटी यंत्र जास्तीत जास्त दूर जाईल अशा उंचीवर नेऊन निदान पंधरा सेंटिमीटर नळी एकमेकींत राहते ना, ते तपासावे. आवरणाची साखळी अडकवल्याशिवाय शाफ्ट फिरवू नये. यंत्र फार वर उचलल्यास शाफ्टचे क्रॉस (वळणारे सांधे) तिरपे होऊन खडखडतात, म्हणून पीटीओ चालू असताना थोडेच उचलावे आणि लिफ्टच्या खटक्याला तेवढ्या उंचीवर अडथळा लावून ठेवावा.

मग पातळी साधावी. डावी-उजवी पातळी लेव्हलिंग रॉडने आणि पुढची-मागची टॉप लिंकने. कापणीची उंची मागच्या रोलरवर ठरते. गोव्याच्या भाटात पहिल्या कापणीला ती सात-आठ सेंटिमीटरखाली नेऊ नये, कारण जांभ्याची टोके गवतात दिसत नाहीत. दगड वेचून झाल्यावर दुसऱ्या कापणीला पाच सेंटिमीटरपर्यंत उतरता येते. बाजूच्या स्किड (घसरपट्ट्या) जमिनीपासून किंचित वर असाव्यात आणि वजन रोलरनेच पेलावे. काम करताना लिफ्ट पूर्ण खाली सोडावी आणि टॉप लिंकची पिन लांबट खाचेत असेल तर ती मधोमध ठेवावी, म्हणजे यंत्र जमिनीच्या चढ-उतारांबरोबर आपोआप वर-खाली होते.

गिअरबॉक्समध्ये तेल आहे असे गृहीत धरू नये. नवी यंत्रे कधीकधी तेलाविना पाठवली जातात. पातळीचा बोल्ट उघडून पाहावे आणि पुस्तिकेत सांगितलेले तेल, बहुधा ९० नंबरचे गिअर ऑइल, भरावे. रोटरच्या, रोलरच्या आणि शाफ्टच्या ग्रीस निपलांना ग्रीस द्यावे. बेल्टच्या मधोमध अंगठ्याने दाबले असता तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. सैल बेल्ट घसरून जळतो आणि फार ताठ बेल्ट बेअरिंग खातो.

कापणीच्या आदल्या दिवशी जमीन पुन्हा फिरून सुटे दगड, कुंपणाची तुटकी तार, नायलॉनची दोरी, ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिक उचलावे, आणि न हलणारे दगड, बुंधे, हद्दीचे चिरे व रोयणी (वारुळे) यांच्याशेजारी लाल फडके बांधलेल्या काठ्या रोवाव्यात. तार रोटरभोवती गुंडाळली तर बेअरिंगचे सील कापते, म्हणून तारेचा तुकडाही मागे ठेवू नये. यंत्राचे पुढचे आणि मागचे रबरी पडदे किंवा साखळ्या शाबूत असाव्यात, आणि काम चालू असताना निदान पन्नास मीटरच्या आत माणूस, गुरे वा कुत्रे नसावे. अंगभर कपडे, बूट आणि चष्मा हवाच. सत्तरीत २०१५ नंतर माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत आणि तो पसरवणाऱ्या गोचिडी याच पालापाचोळ्यात असतात, तेव्हा घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करावी.

उतारावर आडवे न जाता वर-खाली चालावे. वळणासाठी आडवे जावेच लागले, तर यंत्राचा बाहेर आलेला भाग चढाच्या बाजूला ठेवावा. पीटीओ इंजिनाच्या कमी वेगात, यंत्र जमिनीपासून थोडे वर धरून सुरू करावा, मग तो मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणून यंत्र सावकाश गवतात उतरवावे. गवत दाट लागले तर इंजिनाचा वेग कमी न करता खालच्या गिअरमध्ये जावे. ताशी दोन-तीन किलोमीटर वेग पुरेसा आहे.

पहिली कापणी ऑक्टोबरमध्ये, जमीन घट्ट झाल्यावर आणि गवत बी धरण्यापूर्वी करावी, म्हणजे कापलेले गवत ओल असतानाच कुजू लागते. दुसरी जानेवारीत, काजू पडण्याच्या आधी. ती फेब्रुवारी-मार्चवर ढकलू नये. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यातील अनेक डोंगरांवर आगी लागल्या, आणि वाळलेल्या गवतात पोलादी पात्याने दगडावर उडवलेली ठिणगी किंवा सायलेन्सरवर साचलेला भुसा आगीला पुरतो. दुसऱ्या कापणीलाही पाण्याचा कॅन आणि हिरवी डहाळी ट्रॅक्टरवर असावी.

पहिल्या तासाभराच्या कामानंतर इंजिन बंद करून, किल्ली काढून आणि रोटर पूर्ण थांबल्याची खात्री करून पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळावेत, बेल्टचा ताण पाहावा आणि बेअरिंगच्या घरांना हात लावावा; हात ठेवता येणार नाही इतके एखादे तापले असेल, तर काम तेथेच थांबवावे. यंत्राखाली डोकावण्यापूर्वी प्रत्येक वेळी ठोकळे द्यावेत, नुसत्या लिफ्टच्या भरवशावर हात घालू नये. हंगाम संपल्यावर चिकटलेले गवत खरवडून यंत्र धुवावे, बेअरिंगवर पाण्याचा जोरदार फवारा मात्र मारू नये, आणि मे महिन्यातच, पहिल्या पावसाआधी, पात्यांच्या पिनांना तेल देऊन, बेल्ट सैल करून, रोलरखाली फळ्या घालून ते छपराखाली ठेवावे.