शिकण्यासाठी सेकंडहँड गाडी घेताय? या चुका टाळा

"शिकायचंच तर आहे, कुठलंही डबडं चालेल, ठोकलं तरी वाईट वाटणार नाही." ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, पहिली गाडी शोधणाऱ्या घरात हे हमखास ऐकू येतं आणि पुढे हेच महागात पडतं. झिजलेल्या गाडीवर हात बसला की चुकीच्या सवयीही बसतात. गाडी लहान असू दे, जुनी असू दे, पण धडधाकट हवी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्लच न तपासणं. लोक रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम बघतात. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. ते चालूच राहिलं तर क्लच प्लेट संपत आलीय. पॅडल अगदी वर आल्यावरच गाडी हलत असेल, तरी शंका घ्या. अशी गाडी घोडबंदर रोडच्या रांगेत किंवा कोपरी पुलाच्या चढावर नवशिक्याला रडवते. गाडी मागे सरकते, मागचा हॉर्न वाजवतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. आत्मविश्वास तिथेच जातो. पॅडल नुसतं जड असेल तर बहुतेकदा केबलचं काम असतं, ते स्वस्तात होतं. प्लेटसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा तो खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्या.

दुसरी चूक पावसाची. आपल्याकडे पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊनपुसून विकायला येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. डिकीतली स्टेपनी उचला, सीटखालचे बोल्ट पाहा. गंज दिसला किंवा कुबट वास आला तर भाव करत बसू नका, सरळ निघा.

मॉडेलवरून फार डोकं खपवू नये. अल्टो, वॅगन आर, आय १०, सेलेरिओ यांपैकी कुठलीही चालेल, सुटे भाग कुठेही मिळतात. वॅगन आरमध्ये उंच बसायला मिळतं, पुढचा रस्ता नीट दिसतो. बुटक्या माणसाने ती आधी बघावी. पॉवर स्टीअरिंग हवंच, जुन्या बेस मॉडेलमध्ये ते नसतं. बजेट ताणता आलं तर एप्रिल २०१९ नंतर बनलेली गाडी घ्या, कारण तेव्हापासून नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. घाबरून ब्रेक दाबणं हा शिकणाऱ्याचा पहिला स्वभाव असतो आणि तिथे एबीएस खरोखर वाचवतं.

टायरचं वय बाजूवरच्या चार आकड्यांत असतं. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतका जुना टायर बदलायचाच.

कागदपत्रांत बँकेच्या कर्जाचा बोजा उतरलाय का, हे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बघा. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. खारघरच्या मोकळ्या रस्त्यावर एकट्याने सराव केला तरी तीच गत. लर्निंग लायसन्सवर शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि गाडीला पुढे-मागे लाल 'एल' हवाच.