पावसाळ्यात एसईएमचा स्लॉट मिळाला असेल तर

जांभ्याचे तुकडे घेऊन पहिल्यांदा एसईएमवर (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) बसले तेव्हा आषाढ चालू होता. दीड महिना वाट बघून मिळालेला दोन तासांचा स्लॉट. नमुने रात्रभर 105 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवलेले, म्हणून मी निर्धास्त. सकाळी ते बाहेर काढले, टेबलावर ठेवले आणि ते चिकटवायची कार्बन टेप शोधायला गेले. तासाभराने नमुन्याच्या चेंबरमधली हवा काढायला पंप सुरू केला, तर व्हॅक्यूम एका आकड्यावर येऊन अडकला. चाळीस मिनिटं आम्ही त्या आकड्याकडे बघत बसलो. एकही फोटो निघाला नाही. वसतिगृहावर येऊन मी रडले.

चूक त्या तासाभरात होती. पावसाळ्यात कोकणात भाजून काढलेला जांभा उघड्यावर ठेवणं म्हणजे कोरडा टॉवेल न्हाणीत टांगणं. छिद्राछिद्रांत ओलावा शिरतो. पंप मोकळी हवा पटकन ओढतो, पण छिद्रांना धरून बसलेलं पाणी चेंबरमध्ये थोडंथोडं सुटत राहतं आणि व्हॅक्यूम होऊ देत नाही. नमुना किनाऱ्यावरचा असेल तर त्यात मीठही असतं. आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि जुलैत आपल्याकडे हवा त्याहून कोरडी क्वचितच असते. म्हणून पुळणीवरची वाळू आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवाच.

ओव्हनमधून नमुना थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकणाच्या भांड्यात. मध्ये कुठेही थांबायचं नाही. झाकण लावण्याआधी त्यातलं ओलावा शोषणारं सिलिका जेल बघा: निळं हवं. आमच्या लॅबमधलं गुलाबी पडलं होतं आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. ओव्हनमध्ये तापवलं की ते परत निळं होतं. कोटिंग, म्हणजे नमुन्यावर वीजवाहक पातळ थर देणं, अगदी शेवटी, स्लॉटच्या तोंडावर.

हेअर ड्रायरने वाळवायचा सल्ला सीनियर देतील. ऐकू नका, भुकटी उडते. चार्जिंग (नमुन्यावर विद्युतभार साचून फोटो बिघडणं) दिसलं की सोन्याचा थर जाड करा म्हणणारेही भेटतात. त्याने बारीक कण झाकले जातात. ईडीएस (क्ष-किरणांवरून नमुन्यातली मूलद्रव्यं ओळखणं) करणार असाल तर कार्बनचं कोटिंग मागा, कारण आलेखात सोन्याचा पीक (उंचवटा) फॉस्फरस आणि गंधकाच्या जागेला खेटून येतो. नमुना ज्यावर चिकटवतात तो स्टब ॲल्युमिनियमचा असतो आणि जांभ्यातही ॲल्युमिनियम भरपूर, तेव्हा तो पीक कुणाचा हे तपासल्याशिवाय टक्केवारी लिहू नका.

माझ्या मते गाइडपेक्षा ऑपरेटरकडून जास्त शिकायला मिळतं. स्लॉट नसला तरी त्यांच्या शेजारी जाऊन बसा. एक स्लॉट वाया गेला म्हणून पीएचडी अडत नाही. माझा दुसरा स्लॉट श्रावणात मिळाला, बाहेर पाऊस तेवढाच होता, आणि व्हॅक्यूम पाच मिनिटांत आला.