घरच्या सिम्युलेटरवर उपकरणांवरचं उड्डाण कसं घोटावं

एक्स-प्लेनसारख्या सिम्युलेटरवर लँडिंग घोटू नका. साध्या जॉयस्टिकला खऱ्या विमानासारखा दाब नसतो आणि हाताला चुकीची सवय लागते. त्याचा खरा उपयोग बाहेर काही दिसत नसताना फक्त उपकरणं वाचून उडण्याच्या सरावासाठी.

सेस्ना १७२ हे छोटं विमान निवडा. ढगांचा तळ ५०० फूट, माथा ६,००० फूट ठेवा. ऑटोपायलट बंद. ३,००० फुटांवर ९० नॉट वेग धरून स्टँडर्ड रेटने वळा: सेकंदाला ३ अंश, म्हणजे पूर्ण फेरी २ मिनिटांत, त्यासाठी बँक (पंखांचा बाजूला कल) साधारण १४ अंश. नजर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवरून (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) अल्टिमीटरवर (उंची), परत अ‍ॅटिट्यूडवर, मग हेडिंगवर (दिशा). एकाच काट्यावर ती खिळली की उंची निसटते. १०० फुटांहून जास्त फरक पडला, तर पॉज करून कुठला काटा बघायचा राहिला ते शोधा.

खऱ्या विमानात, स्वच्छ हवेत मात्र नजर बाहेरच हवी. सिम्युलेटरवर रमलेले विद्यार्थी काट्यांकडेच बघत राहतात, आणि ही सवय मोडायला प्रशिक्षकाला उपकरणांचं पॅनल झाकावं लागतं.