मसल कारला कार्ब्युरेटर किती मोठा लावायचा?

माझी शेव्हेल (शेव्हरोलेची जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या व्ही-8 इंजिनाची दणकट अमेरिकन गाडी) माझ्याकडे आली तेव्हा तिच्या इंजिनावर 850 सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा जाऊ शकते त्याचं माप) कार्ब्युरेटर बसवलेला होता. गाडी 1970 ची, इंजिन 350 घनइंची व्ही-8, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. आधीच्या मालकाने मोठ्या हौसेने तो लावला होता. सिग्नल सुटला आणि पाय दाबला की इंजिन आधी आचका द्यायचं, क्षणभर श्वास कोंडल्यासारखं गप्प व्हायचं आणि मग कुठे गाडी उचल घ्यायची. प्लग काढून पाहिले, तर आठही काळेकुट्ट. बोट फिरवलं की मऊ, कोरडी काजळी हाताला यायची. तो उतरवून 600 सीएफएमचा लावला आणि त्याच संध्याकाळी पहिल्या चौकात कळलं की ही गाडी मुळात किती चपळ आहे.

भोक मोठं केलं की गाडी जास्त पळणार, हा समज आपल्याकडच्या स्कूटरच्या गॅरेजातही भेटतो आणि अमेरिकेतल्या व्ही-8 वाल्यांमध्येही. तो चुकीचा का, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे आकडे नुसते पाठ करावे लागणार नाहीत. कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलत नाही. हवा व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल वर ओढलं जातं. गळा गरजेपेक्षा रुंद असला की कमी आरपीएमला हवा रेंगाळते. पेट्रोल वेळेवर येत नाही, आलं तरी त्याचं बारीक धुकं होत नाही. मग तो आचका झाकायला लोक जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं, मोठी करत जातात आणि प्लग काळे पडतात. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

पहिली पायरी: इंजिन खरंच किती फिरतं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपल्याला वाटतं इंजिन 7000 ला जातं. कंपनीचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) आणि कंपनीचीच हेड (सिलेंडरवरची झाकणं) असलेलं साधं 350 साधारण 5000 ते 5500 च्या पुढे ताकद देत नाही. टॅकोमीटरचा काटा रोज कुठपर्यंत जातो ते आठवडाभर बघा आणि तोच आकडा धरा. कॅमशाफ्ट बदललेला असेल, तर त्याच्या कागदावर कामाचा आरपीएम पट्टा छापलेला असतो. त्याचं वरचं टोक घ्या.

दुसरी पायरी: हिशोब

घनइंचातलं इंजिन गुणिले कमाल आरपीएम, भागिले 3456. हा 3456 कुठून आला? एका घनफुटात 1728 घनइंच असतात, आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण हवा घेतं, म्हणून 1728 ची दुप्पट. आलेल्या उत्तराला भरण्याच्या टक्केवारीने गुणायचं, कारण सिलेंडर दर वेळी काठोकाठ भरत नाही. साध्या इंजिनाला 0.80 ते 0.85 धरा. चांगला कॅमशाफ्ट, हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) आणि मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरखालचा, हवा सिलेंडरांकडे नेणारा भाग) असेल तर 0.90 ते 0.95. एक किंवा त्याच्या वर फक्त शर्यतीसाठी बांधलेलं इंजिन जातं.

माझं गणित असं: 350 गुणिले 5500 म्हणजे 19,25,000. भागिले 3456, उत्तर 557. त्याचे 85 टक्के, म्हणजे 473. फक्त 473! आणि वर बसवला होता 850 चा. हेच 350 नीट बांधून 6200 ला फिरवलं आणि 0.95 धरलं, तरी उत्तर 600 च्या आतच येतं. तेव्हा 600 किंवा 650 घ्या. 454 बिग ब्लॉक 5800 ला, 0.90 धरून 686 मागतं, तिथे 750 शोभतो. दोन मापांच्या मधे अडकलात आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर लहान घ्या. वरच्या टोकाला थोडी ताकद जाईल, पण त्या टोकाला तुम्ही महिन्यातून किती वेळा असता?

एक फसवणूक टाळा. बॅरल म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवेची भोकं. फोर बॅरलचं माप 1.5 इंच पाऱ्याच्या दाबफरकावर घेतात, टू बॅरलचं 3 इंचांवर. त्यामुळे 500 सीएफएमचा टू बॅरल फोर बॅरलच्या भाषेत जेमतेम 354 चा भरतो. तुलना करताना टू बॅरलच्या आकड्याला 1.414 ने भागा.

आता कोणीतरी विचारेलच, की 1967 च्या कॅमॅरो झी-28 मध्ये इंजिन फक्त 302 घनइंची, मग कंपनीने त्यावर 800 च्या आसपासचा होली कंपनीचा कार्ब्युरेटर कसा दिला? प्रश्न रास्त आहे. ते इंजिन ट्रान्स-ॲम शर्यतीच्या 5 लिटरच्या मर्यादेत बसवण्यासाठीच जन्माला आलं होतं. वर फिरायला बनवलेलं, खाली सुस्त. आणि त्या होलीची मागची दोन बॅरल व्हॅक्यूमवर उघडायची, म्हणजे इंजिनाने मागितलं तेवढीच. रॉचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर त्याहून हुशार. पुढची दोन भोकं लहान, मागची दोन भली मोठी, आणि त्यांच्यावर हवेच्या ओढीने उघडणारी झडप. म्हणूनच 1966 मध्ये पॉन्टियॅकने तो 230 घनइंची सहा सिलेंडरच्या इंजिनावरही लावला आणि तो चालला. खोक्यावरचा सीएफएमचा आकडा म्हणजे कमाल मर्यादा. ती कशी उघडते, यावर बरंच अवलंबून आहे.

तिसरी पायरी: मागची बॅरल कशी उघडणार?

गाडी जड, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, डिफरन्शियलचं गुणोत्तर 2.73 किंवा 3.08 असं असेल तर व्हॅक्यूम सेकंडरी (इंजिनाच्या ओढीने उघडणारी मागची बॅरल) घ्या, डोळे मिटून. मापात थोडी चूक झाली तरी हा प्रकार सांभाळून घेतो. गाडी हलकी, हाताचा गिअर, 3.73 किंवा 4.10 चं डिफरन्शियल असेल तर मेकॅनिकल सेकंडरी, ज्याला डबल पंपर म्हणतात, तो खरी मजा देतो. तिथे मागची बॅरल थेट तुमच्या पायाला जोडलेली असतात, त्यामुळे माप अचूक हवं.

चौथी पायरी: बसतो का ते बघा

क्वाड्राजेटचं मॅनिफोल्ड आणि होलीचं चौकोनी बूड एकमेकांवर बसत नाहीत. मधे ॲडॉप्टर टाकला की उंची वाढते. मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा एअर क्लीनरच्या झाकणावर ठेवा, बॉनेट हळूच लावा, पुन्हा उघडा आणि चेपलेल्या मातीची जाडी मोजा. मधे अर्ध्या इंचापेक्षा कमी उरलं तर मी तरी तो जोड बसवणार नाही, कारण ताकद लावताना इंजिन हलतं. पेट्रोलचा दाबही तपासा. होलीला 5 ते 7 पीएसआय चालतो, एडलब्रॉक कंपनीच्या कार्ब्युरेटरला 6.5 च्या वर नको. उंचावरच्या गावात राहत असाल तर कार्ब्युरेटरचं माप तेच ठेवा, जेट लहान करा.

पाचवी पायरी: गाडीलाच विचारा

व्हॅक्यूम सेकंडरी असेल तर आधी कागदाला लावायची साधी क्लिप घ्या. ती मागची बॅरल उघडणाऱ्या डायफ्रॅमच्या (पडद्याच्या) दांडीवर अडकवून वर त्याच्या डब्याला टेकेपर्यंत सरकवा. मग ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या धावपट्टीवर), रस्त्यावर नव्हे, एक पूर्ण पाय दाबलेली फेरी मारा. दांडी जेवढी वर डब्यात ओढली गेली तेवढी क्लिप दांडीवर खाली सरकलेली दिसेल. ती अर्ध्यावरच थांबली, तर डब्यातली स्प्रिंग कडक आहे किंवा इंजिनाला तेवढी हवा नकोच आहे.

हे आधी करा, कारण मागची बॅरल पूर्ण उघडली नसतील तर पुढची चाचणी खोटं बोलते. ती अशी: व्हॅक्यूम गेजची नळी मॅनिफोल्डला जोडा, गेज आत घ्या आणि शेजारी बसलेल्या माणसाला वाचायला सांगा. पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमवर काटा 1.5 इंचांच्या पुढे दिसला तर कार्ब्युरेटर इंजिनाचा गळा आवळतोय, एक माप वर जा. अर्धा ते एक इंच असेल तर रस्त्यावरच्या गाडीसाठी छान. जवळजवळ शून्य दिसलं तर तो गरजेपेक्षा मोठा आहे.

स्प्रिंगचा संच वेगळा मिळतो. होलीच्या संचात काळी सगळ्यात कडक, पांढरी सगळ्यात नरम. कडकेकडून नरमकडे एकेक करत या, आणि आचका जाणवला की एक पायरी मागे जाऊन तीच स्प्रिंग कायम ठेवा.