रेटिनॉल लावताना या चुका टाळा

मुरुमे आणि सुरकुत्यांसाठी चेहऱ्याला लावले जाणारे रेटिनॉल हे 'अ' जीवनसत्त्वाचेच एक रूप आहे. त्वचेत शिरल्यावर त्याचे आधी रेटिनाल आणि मग रेटिनॉइक आम्ल बनते, आणि खरे काम हे आम्लच करते. डॉक्टर लिहून देतात ते ट्रेटिनॉइन म्हणजे हेच आम्ल तयार स्वरूपात असते, म्हणून ते अधिक प्रभावी आणि तितकेच दाहक ठरते.

बहुतेकांची चूक घाईतून होते. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याच्या दाण्याएवढे क्रीम पुरते, पण परिणाम लवकर दिसावा म्हणून लोक ते कोल्ड क्रीमसारखे थापतात आणि चौथ्या दिवशी नाकाच्या कडेची व ओठांच्या कोपऱ्यांची सालपटे निघू लागली की ट्यूब कायमची बाजूला ठेवतात. आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात करावी, तोंड धुतल्यावर ते पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि नाकाच्या कडांना व ओठांच्या कोपऱ्यांना आधी थोडे व्हॅसलीन लावावे. मुरुमांवर फरक दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, सुरकुत्यांना त्याहून जास्त. दिवसा सनस्क्रीन हवेच. स्क्रब मात्र या काळात कपाटातच राहू द्यावा.

सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. वांगाचे डाग जावेत म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये ट्रेटिनॉइनबरोबर हायड्रोक्विनोन हे डाग फिके करणारे औषध आणि मोमेटासोनसारखे स्टिरॉइडही असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून मैत्रिणीही तेच आणतात. पण महिनोन् महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात आणि क्रीम थांबवताच चेहऱ्याची आग होते. तेव्हा खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत, आणि असे क्रीम बराच काळ लावले असल्यास एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

गर्भारपणात, किंवा गर्भधारणेचा विचार असताना, रेटिनॉलही लावू नये. मुरुमांसाठी पोटात घेतल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनने गर्भात गंभीर व्यंगे होतात, हे सिद्ध झालेले आहे.

क्रीमने आहारातली उणीव भरून निघत नाही, हेही लक्षात असावे. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या रातांधळेपणाचा उपाय चेहऱ्यावर लावून होत नाही. त्यासाठीच आपल्याकडे बालकांना नवव्या महिन्यापासून 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजतात. उलट, त्वचा सुधारेल म्हणून मनाने कॅप्सूल घेणेही धोक्याचे, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते, यकृतात साठत जाते आणि अतिरेक झाल्यास यकृतालाच बाधते. गाजर, शेवग्याचा पाला यांतील बीटा-कॅरोटीनचे रूपांतर शरीर गरजेपुरतेच करते, त्यामुळे भाज्यांनी तशी विषबाधा होत नाही. गाजरे फारच खाल्ली तर तळहात पिवळसर दिसतात, पण डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. तोही पिवळा झाला असेल तर ती कावीळ समजून लगेच तपासणी करावी.