कॅप्टनची झोप सांभाळा: नव्या फर्स्ट लेफ्टनंटसाठी

फर्स्ट लेफ्टनंट म्हणा की एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाची नेमणूक मिळाली की माणूस आधी डेक, रंगकाम, शिस्त आणि रोजचे आदेश यांच्या मागे लागतो. ते करावंच लागतं, त्यातून सुटका नाही. पण मी हे काम स्वतः केलंय आणि पुढे माझ्या हाताखालच्यांना करताना पाहिलंय, म्हणून सांगतो. पहिल्या आठवड्यात एक गोष्ट पक्की समजून घ्या: आपल्या कॅप्टनला नेमकं कधी उठवायचं. त्याचा तुमच्यावरचा भरवसा तिथूनच सुरू होतो.

समुद्रावर असताना कॅप्टन ब्रिजजवळच्या (जहाज जिथून चालवतात त्या कक्षाजवळच्या) छोट्या केबिनमध्ये झोपतो, बहुतेकदा अंगावरच्या कपड्यांनिशी. झोपण्याआधी तो नाइट ऑर्डर बुकात लिहून ठेवतो: मार्ग कोणता, वेग किती, दुसरं जहाज किती मैलांच्या आत येणार असेल तर मला हाक मारा. रात्रीच्या पाळीवरचे अधिकारी, म्हणजे वॉचकीपर, त्याखाली सह्या करतात. ही वही रोज वाचा, मागची पानंही चाळा. एखादा कॅप्टन ‘शंका आली की उठवा’ एवढ्यावर थांबतो, एखादा मासेमारी होड्यांवर अर्धं पान खर्ची घालतो. तो जिथे सविस्तर लिहितो तिथे त्याच्या जिवाला घोर असतो. त्या ठिकाणी त्याच्या आधी तुम्ही जागे हवेत.

होड्यांचा घोर आपल्या किनाऱ्यावर अगदी खरा आहे. 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, की रत्नागिरी-मालवणच्या समोर रात्री नजर पोचेल तिथपर्यंत दिवेच दिवे दिसतात. लाकडाच्या आणि फायबरच्या लहान होड्या रडारवर नीट उमटत नाहीत. जाळं कुठवर पसरलंय हे दिवा बघून कळेलच असं नाही. रात्री 12 ते 4 च्या मिडल वॉचला तिथे चोविशीतला एखादा पोरगा उभा असतो आणि त्याला वाटतं, साहेब आत्ताच तर आडवे झालेत, दहा मिनिटं बघू. मला शत्रूपेक्षा या दहा मिनिटांची भीती जास्त वाटत आली आहे. तेवढ्या वेळात जहाज अशा जागी पोचतं, की मग कॅप्टन येऊनही त्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

तेव्हा त्या पोराच्या मनातली धास्ती काढणं हे तुमचं काम. त्याला सरळ सांगा, “उठवलंस म्हणून कोणी बोललं तर मी ऐकून घेईन. उठवलं नाहीस, तर गाठ माझ्याशी आहे.” नुसतं सांगून भागत नाही. पहिल्या काही रात्री त्याच्या वॉचला ब्रिजवर चक्कर टाका आणि तुमच्यासमोर त्याला फोन उचलायला लावा. माझे एक कॅप्टन कितीही वेळा उठवलं तरी आल्या आल्या आधी “थँक यू” म्हणायचे, मग दुर्बीण हातात घ्यायचे. त्यांना हाक मारायला त्या जहाजावर कुणीच कचरत नसे, आणि म्हणूनच त्यांना बऱ्यापैकी झोप मिळे.

मतभेद होणारच. त्यासाठी केबिनमध्ये जा, दार लावून घ्या आणि पर्याय सोबत घेऊन बोला: “सर, इंजिन रूमची माणसं रात्रभर पंपावर होती. दुपारची ड्रिल उद्या सकाळी घेऊ या का?” एकदा नीट मांडा. ते नाही म्हणाले, तर बाहेर येऊन “साहेबांचा हुकूम आहे, काय करणार” असं चुकूनही म्हणू नका. हुकूम तुमच्या तोंडून तुमचाच असल्यासारखा निघायला हवा. याला एकच अपवाद: जहाज धोक्याकडे चाललंय असं दिसलं, की सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, तत्क्षणी बोला. तिथे दार लावायला वेळ नसतो.

वॉर्डरूमची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षाची, परंपराही लक्षात ठेवा. तिथल्या मेसचे अध्यक्ष तुम्ही असता. कॅप्टन सहसा आपल्या केबिनमध्ये एकटा जेवतो आणि वॉर्डरूममध्ये पाहुणा म्हणून येतो. त्याला आवर्जून बोलवा. तिथली कुरकुर त्याच्या कानावर घालताना कारण सांगा, नावं सांगू नका.

आता थोडं कॅप्टनसाठी, कारण निष्ठा एकतर्फी टिकत नाही. 6 मे 1801 रोजी बार्सिलोनाजवळ कप्तान लॉर्ड कॉक्रेनच्या ‘स्पीडी’ या छोट्या, दोन डोलकाठ्यांच्या ब्रिटिश ब्रिगने ‘गामो’ हे स्पॅनिश जहाज पकडलं. स्पीडीवर 14 लहान तोफा आणि 54 माणसं, गामोवर 32 तोफा आणि 319 माणसं. शत्रूच्या डेकवर चढून जाताना कॉक्रेनचा लेफ्टनंट विल्यम पार्कर गंभीर जखमी झाला. कॉक्रेनने त्याच्या बढतीसाठी ब्रिटिश नौदलाचा कारभार पाहणाऱ्या अ‍ॅडमिरल्टीकडे तगादा लावला. उत्तर आलं, स्पीडीवर फारशी माणसं मेली नाहीत, तेव्हा बढतीला आधार नाही. हे नौदलाचे सर्वोच्च अधिकारी लॉर्ड सेंट व्हिन्सेंट यांचं उत्तर होतं. 1797 च्या ज्या लढाईने त्यांना अर्लचा किताब मिळवून दिला, त्या लढाईत त्यांच्या स्वतःच्या जहाजावर एकच माणूस मेला होता, याची कॉक्रेनने त्यांना उलट आठवण करून दिली. वरिष्ठांची मर्जी गेली. एवढं धारदार लिहावं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या माणसाचं काम कागदावर त्याच्या नावानिशी चढवणं, आणि नकार आला तरी पुन्हा लिहिणं, हे कॅप्टनचं कर्तव्यच आहे.

दुसरं म्हणजे, आपल्या फर्स्ट लेफ्टनंटच्या हाती जहाज द्या. वारा मंद असेल, धक्का मोकळा असेल, अशा दिवशी जहाज धक्क्याला लावायला त्याला सांगा. तुम्ही ब्रिजच्या कडेला उभे राहा आणि धोका नसेल तोवर गप्प राहा. दोर बांधून झाले की काय चुकलं ते केबिनमध्ये बोला, आणि पुढच्या वेळी थोड्या जास्त वाऱ्यात पुन्हा त्यालाच लावू द्या.